हेड कसताना

जानेवारी उजाडला की श्रीरामपूर, राहाता, राहुरी, नेवासे या टापूत उसाच्या गाड्या दिवसरात्र धावतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांची हेड गॅस्केटं उडतात. गाडीत ऊस पासिंगपेक्षा जास्त भरलेला असतो. शेतातून पक्क्या रस्त्याला लागेपर्यंत ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चालते. त्या चालीला समोरून वारा मिळत नाही, आणि पंख्याने ओढलेल्या हवेबरोबर पाचट आणि फुफाटा येऊन रेडिएटरच्या जाळीवर बसतो. पाटाचं नाहीतर बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतून आतल्या नळ्यांना क्षार धरलेले असतात. काटा लाल पट्ट्यात जातो, तरी ड्रायव्हर कारखान्याची गव्हाण गाठू म्हणून रेटतो. मग कधीतरी रेडिएटरचं झाकण उघडल्यावर पाण्यात बुडबुडे दिसतात, किंवा डिपस्टिक ओढली की तेल दुधाळ झालेलं दिसतं. गॅस्केट गेलं.

हा लेख त्यापुढच्या कामाबद्दल आहे. हेड उतरवायचं, नवं गॅस्केट टाकायचं आणि हेड परत कसायचं. सांगायला एका ओळीचं काम आहे. पण गॅस्केट एकदा गेलं हे समजण्यासारखं असतं; तेच दोन महिन्यांत दुसऱ्यांदा जातं तेव्हा मालक गॅस्केटच्या कंपनीला शिव्या घालतो, मिस्त्री मालकाच्या पाण्याला दोष देतो, आणि नट कसले कसे होते हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारायला हवा, कारण दुसऱ्यांदा गेलेल्या गॅस्केटाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

श्रीरामपूरला डिझेल नवं नाही. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला तेव्हा इथे बेलापूर गावासाठीचं स्टेशन तेवढं होतं. शहर त्या स्टेशनाभोवती मागाहून वाढलं. स्टेशन मात्र रेल्वेच्या वेळापत्रकात बेलापूरच राहिलं. 1926 साली भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं आणि पाण्यामागे ऊस. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना, टिळकनगरला डहाणूकरांनी 1933 मध्ये काढलेली महाराष्ट्र शुगर मिल्स, पलीकडे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सहकारी कारखाना, ज्याचा पहिला हंगाम 1950-51 चा. ऊस वाहायला आधी बैलगाड्या होत्या, पुढे त्यांच्या जोडीला ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक आले. आज जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं असलं तरी वाहनांच्या लेखी हे दोन जिल्हे आहेत: नगरचा क्रमांक एमएच-16, श्रीरामपूरचा एमएच-17.

ट्रकच्या आधी इथे डिझेल आलं ते विहिरीवर. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना 1946 ची, साताऱ्याची कूपर त्याहून जुनी. वीज शिवारात पोहोचेपर्यंत उसाला पाणी याच इंजिनांनी पाजलं. एक सिलिंडर, संथ चाल, जाडजूड बिडाचं हेड, त्यावर मोजके नट. असं हेड कसायला हाताचा अंदाज पुरतो. नट थोडा कमी-जास्त झाला तरी इंजिन ते पोटात घालतं. माझा कयास असा की आपल्याकडच्या 'हाताला कळतं' या गॅरेजी विद्येचा पाया या इंजिनांवर घातला गेला. ती विद्या खोटी नव्हती. ज्या इंजिनावर ती शिकली गेली, त्या इंजिनापुरती ती खरीच होती.

मग ट्रक आले. टेल्कोने 1954 मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीझ ट्रक बनू लागले. करार 1969 ला संपला, रेडिएटरवरचा तारा गेला, पण इंजिनांचं खानदान राहिलं. टाटाचं 697 हे त्याच घराण्यातलं इंजिन: सहा सिलिंडर, 97 मि.मी.चा बोअर. धाकटं 497 चार सिलिंडरचं, बोअर तोच. महाराष्ट्रातल्या मिस्त्र्यांच्या दोन पिढ्या या दोन इंजिनांवर हात बसवून मोठ्या झाल्या. डोळे मिटून 697 बांधणारे लोक आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला पुरेपूर आदर आहे. तरी त्या सहा सिलिंडरांच्या वर काय घडतं त्याचा हिशेब एकदा मांडून बघायला हवा.

97 मि.मी. व्यासाच्या सिलिंडरचं तोंड साधारण 74 चौरस सेंटिमीटर भरतं. डिझेल पेटल्यावर आतला दाब 120 बारपर्यंत गेला असं धरलं, तर हेडला वर ढकलणारं बळ नऊ टनांच्या आसपास येतं. हे एका सिलिंडरचं. इंजिन मिनिटाला 2400 फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला 1200 वेळा, म्हणजे सेकंदाला वीस वेळा पेटतो. भरलेल्या ट्रकच्या मागच्या धुरीवर येणाऱ्या वजनाइतका धक्का, सेकंदाला वीस वेळा, आणि तो पेलायला सिलिंडरभोवती बोटभर जाडीचे काही बोल्ट.

हे बोल्ट तो पेलतात ते ताणून बसवलेले असतात म्हणून. मूळ मुद्दा हाच आहे, आणि गॅरेजात तो फारसा बोलला जात नाही. आपण नट 'घट्ट' करतो असं म्हणतो, पण खरं काम असतं ते बोल्ट ताणण्याचं. पोलादाचा बोल्ट रबरासारखा दिसत नसला तरी ताणला की लांबतो आणि आखडायला बघतो. त्याची ती आखडण्याची ओढच हेड, गॅस्केट आणि ब्लॉक यांना एकत्र दाबून धरते. 14 मि.मी.चा चांगल्या प्रतीचा बोल्ट नीट ताणला तर सुमारे सात टनांनी आवळून धरतो. सिलिंडरभोवतीचे बोल्ट शेजारच्या सिलिंडरशी वाटून घेतलेले असतात, म्हणून एकाच्या वाट्याला चार धरले तरी अठ्ठावीस टन होतात. वर ढकलणारे नऊ, खाली दाबणारे अठ्ठावीस. उरलेला दाब गॅस्केटच्या कड्यावर बसतो आणि आग, पाणी, तेल आपापल्या वाटेत ठेवतो.

आता हा बोल्ट लांबतो किती? 120 मि.मी. लांब असेल तर जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटर. सात टनांची सगळी पकड एवढ्या लांबण्यात साठवलेली असते. नवं गॅस्केट गरम होऊन पाच शतांश मिलिमीटर दबलं, तर पकडीतला सातवा हिस्सा गेला. बोल्टच्या डोक्याखाली रंगाचा पापुद्रा राहिला, वॉशर उलटा बसला, हेडच्या पाठीवर कचरा राहिला, तर तो पहिल्या फेरीत चिरडला जातो आणि तेवढी पकड सुटते. मिस्त्रीच्या हाताला यातलं काही कळत नाही. कळायची सोयच नसते, कारण हाताला जाणवतो तो नट फिरवायला लागणारा जोर, आणि तो जोर बहुतांशी घर्षणात जातो.

इथे एक आकडा पाठच करावा असा आहे. आपण नटावर लावलेल्या जोरातला साधारण निम्मा नटाच्या किंवा बोल्टच्या डोक्याखालच्या घासण्यात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घासण्यात, आणि उरलेला दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. घर्षण जरासं वाढलं की तो दहावा हिस्सा खाल्ला जातो. म्हणून गंजलेल्या, कोरड्या आट्यांवर टॉर्क पान्याने बिनचूक आकडा दाखवला तरी बोल्ट अर्धवट ताणलेलाच राहू शकतो. वर धरलेल्याच बोल्टचा हिशेब करा: आटे तेल लावलेले असतील तर सात टनांसाठी सुमारे 145 न्यूटन मीटर पुरतात. तोच बोल्ट कोरडा असेल तर 145 ला पाच टनांच्या थोडंच वर मिळतं. उलट, कंपनीचा आकडा कोरड्या आट्यांचा असेल आणि आपण सढळ हाताने तेल माखलं, तर बोल्ट तिसऱ्या हिश्श्याने जास्त ताणला जातो आणि त्याची मान बारीक होते. आटे कोरडे, इंजिन ऑइल लावलेले, की खास ग्रीस लावलेले, हे मॅन्युअलमध्ये आकड्याच्या शेजारीच लिहिलेलं असतं. आकडा वाचायचा आणि शेजारची ओळ सोडायची ही सवय सगळ्यात महागात पडते.

यंत्रशास्त्राच्या नेहमीच्या संदर्भग्रंथांत बोल्टच्या ताणातला फरक पद्धतीप्रमाणे दिलेला असतो. हाताच्या अंदाजाने कसलं तर 35 टक्के इकडे-तिकडे. टॉर्क पान्याने 25 टक्के. नट किती अंश फिरला ते मोजून 15 टक्के. बोल्टची प्रत्यक्ष लांबी मोजली तर तीन ते पाच. टॉर्क पाना स्वतः चार टक्क्यांत अचूक असतो, तरी ताणात पंचवीस टक्के फरक पडतो, कारण मधलं घर्षण आपल्या हातात नाही. म्हणून माझं मत थोडं उलट्या बाजूने आहे: टॉर्क पाना नसलेल्या गॅरेजापेक्षा टॉर्क पाना असूनही आटे न धुणाऱ्या गॅरेजाची मला जास्त भीती वाटते. पहिल्याला आपण अंदाजाने काम करतोय हे माहीत असतं.

आणि पाइप. पान्याच्या दांड्यात दोन-चार फुटी पाइप घालून कसणं हे आपल्याकडचं सार्वत्रिक दृश्य आहे. दोन फुटी दांड्याने वीस किलोचा टॉर्क (किलोग्रॅम-मीटरला गॅरेजात कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, सगळे नुसतं 'किलो' म्हणतात) मिळवायला टोकाशी साधारण 33 किलोचा ओढा लागतो. चार फुटी पाइप घातला की तोच टॉर्क सोळा-सतरा किलोत येतो. दोन्ही वेळा मिस्त्रीच्या खांद्याला जोर वेगळा जाणवतो, आणि तो मात्र शिकलेला असतो एकाच जोराचा अंदाज. तेवढाच जोर त्याने पाइपवर लावला, की टॉर्क दुप्पट. उसाच्या हंगामात स्टड तुटण्याच्या तक्रारी ऐकल्या की मी आधी पाइपची लांबी विचारतो.

काम नीट करायचं तर सुरुवात उतरवण्यापासून होते. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम हेडचे नट सोडले की हेड वाकडं होतं, आणि 'दुपारी आणली, संध्याकाळी द्या' या घाईत हीच पायरी आधी गळते. नट सोडायचे ते बाहेरच्या टोकांपासून आत येत, एकदम पूर्ण न सोडता थोडे-थोडे. हेड उचलल्यावर जुनं गॅस्केट खरवडायचं. जुन्या गाड्यांच्या तांबं-अॅस्बेस्टॉसच्या गॅस्केटांवर हवा मारू नये. ओलं करून काढावं, त्या धुळीने फुप्फुसं जातात. ब्लॉकच्या पाठीवर पॉलिश पेपर घासायचा मोहही टाळावा, कारण त्याची रेव तेलाच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जाते.

मग पट्टी आणि फिलर गेज. हेडच्या पाठीवर सरळ पोलादी पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून खाली फिलरची पात किती शिरते ते पाहायचं. किती चालतं ते इंजिनाप्रमाणे ठरतं, पण गोष्ट शतांश मिलिमीटरांची असते. जास्त असेल तर हेड लेथवाल्याकडे फेसिंगला. ओल्या लायनरच्या इंजिनात लायनरची कड ब्लॉकच्या पाठीपेक्षा किंचित वर असते, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली असते, कारण गॅस्केटचं आगीचं कडं तिच्यावर दाबलं जातं. एखादा लायनर खाली बसला असेल तर कितीही टॉर्क मारा, त्या सिलिंडरचं गॅस्केट टिकत नाही. ही तपासणी डायल गेजने दहा मिनिटांची आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाते.

आता बोल्टची भोकं. ब्लॉकमधलं भोक खाली बंद असतं. त्यात तेल, पाणी किंवा गाळ साठलेला असला, की बोल्ट खाली उतरताना तो द्रव दाबतो आणि द्रव दबत नाही. नट टाइट झाल्याचा भास होतो, पाना क्लिक म्हणतो, आणि गॅस्केटवर दाब नसतोच. वाईटात वाईट म्हणजे ब्लॉक तडकतो. गॅस्केटच्या कामाला आलेली गाडी नव्या ब्लॉकचं बिल घेऊन जाते. डिझेलने धुवायचं, डोळ्यांवर चष्मा चढवून हवा मारायची, चिंधी घालून कोरडं करायचं. आटे साफ करायला आटे पाडायचा टॅप वापरू नये, तो धातू कापतो. साफ करायचं हत्यार वेगळं मिळतं.

बोल्ट आणि स्टड यांत फरक आहे, आणि तो समजून घेतला तर कामाची पद्धत आपोआप कळते. बोल्ट ब्लॉकच्या बिडात फिरत-फिरत घासतो, म्हणून प्रत्येक उघडझापीत ब्लॉकचे आटे झिजतात. शिवाय बोल्टला ताणाबरोबर पीळही बसतो. स्टड एकदा ब्लॉकमध्ये बसला की तिथेच राहतो आणि फिरतो तो वरचा नट. पीळ कमी, ब्लॉकचे आटे शाबूत. म्हणून वारंवार उघडावं लागणाऱ्या इंजिनांत स्टड बरे. पण स्टड ब्लॉकमध्ये पान्याने आवळून बसवायचा नसतो. कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर बोटांनी पूर्ण फिरवून पुरे. पाइप लावून स्टड 'पक्का' करणारे मिस्त्री ब्लॉकच्या वरच्या आट्यांना फाडतात, आणि मग पाठीवर भोकाभोवती जो उंचवटा येतो तो गॅस्केटखाली कायमचा खडा होऊन बसतो.

प्रत्येक बोल्ट हातात घेऊन पाहायचा. मान बारीक झालीय का, आटे ताणलेत का, गंजाची खोच पडलीय का. काही इंजिनांत बोल्टच्या लांबीची मर्यादा दिलेली असते. त्याहून लांब झालेला बोल्ट ताणून संपलेला असतो आणि तो भंगारात टाकायचा. नव्या बोल्टाची किंमत आणि पुन्हा गॅस्केट बदलायची मजुरी यांची तुलना मालकाने स्वतः करावी.

कसायचा क्रम. मधून बाहेर, गोलाकार फेऱ्या घेत. तबलजी एका बाजूची गट्टी ठोकत बसत नाही, समोरासमोरच्या घरांवर आळीपाळीने हातोडी मारत सूर जुळवतो. हेडचंही तसंच आहे. टोकापासून कसत आलं तर मधे फुगवटा राहतो आणि गॅस्केट सुरकुततं. आणि एकदम पूर्ण आकडा नाही: आधी तिसरा हिस्सा, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण, प्रत्येक वेळी सगळी फेरी. प्रत्येक नट एका संथ ओढ्यात आणायचा. मध्येच थांबलं की पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो, पाना लवकर क्लिक करतो आणि नट हललेलाच नसतो. झटके देऊन दोन-तीन क्लिक मारणं ही तर आपल्याकडची खास शैली. दुसरा क्लिक पहिल्यापेक्षा जास्त टॉर्कचा असतो एवढंच सांगतो.

टॉर्क पान्याचा जन्म न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात झाला असं सांगतात. जमिनीखालच्या मोठ्या नळांच्या जोडांचे बोल्ट कामगार जास्त आवळून तोडत, म्हणून तिथल्या कॉनराड बाहर यांनी 1918 च्या सुमारास ही कल्पना काढली. म्हणजे हत्यार जन्माला आलं ते जास्त कसणाऱ्यांना आवरायला. आपल्याकडे लोकांना वाटतं ते कमी कसणाऱ्यांसाठी आहे. क्लिकवाल्या पान्यात आत एक स्प्रिंग असते. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग दबून-दबून थकते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दर 5000 क्लिकांनी किंवा वर्षातून एकदा तो तपासून घ्यायचा. त्याने नट सोडायचे नाहीत, हातोडीसारखा वापरायचा नाही. नाशिकच्या सातपूरला बनणारे टापरियाचे रिंग पाने इथल्या बहुतेक गॅरेजांत भिंतीवर दिसतात. टॉर्क पाना असलाच तर कपाटात, कापडात गुंडाळलेला असतो, आणि ती त्याची योग्य जागा आहे.

एककांचा गोंधळ वेगळाच. वीस किलोग्रॅम-मीटर म्हणजे 196 न्यूटन मीटर, म्हणजे साधारण 145 फूट-पाउंड. पान्याच्या दांड्यावर दोन पट्ट्या असतात. मॅन्युअलमधला 145 न्यूटन मीटरचा आकडा चुकून पाउंडाच्या पट्टीवर लावला, तर बोल्ट छत्तीस टक्के जास्त कसला जातो. ही चूक अडाणी माणसाकडूनच होते असं नाही, पान्यावरची पट्टी काळ्या तेलाने भरलेली असली की कोणाकडूनही होते.

टॉर्कच्या पुढची पायरी आहे अंशांची. टाटा कमिन्सने जमशेदपूरला 5.9 लिटरचं बी-सीरिज इंजिन आणलं, तेव्हापासून आपल्याकडच्या ट्रकांवर ही पद्धत रुळली: आधी ठरलेल्या टॉर्कपर्यंत कसायचं, मग नटावर खडूची खूण करून नव्वद अंश फिरवायचं. यात शेवटच्या टप्प्यात घर्षणाचा प्रश्नच राहत नाही. दोन मिलिमीटर पिचचा आटा पाव फेरा फिरला की अर्धा मिलिमीटर पुढे जातो, आटे कोरडे असोत की तेलकट. पुस्तकातला तो पंधरा टक्क्यांचा आकडा इथून येतो. अशा इंजिनात नुसता शेवटचा टॉर्क 'किती किलो?' असं विचारून चालत नाही, त्याला उत्तरच नसतं. काही बोल्ट तर मुद्दाम त्यांच्या मर्यादेपलीकडे ताणायचे असतात. ते एकदाच वापरायचे. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर नव्या मोठ्या इंजिनांतला दाब दोनशे बारच्याही वर गेलाय. तिथे हाताच्या अंदाजाला जागा नाही, हे कुठलाही प्रामाणिक मिस्त्री मान्य करतो.

हेड कसून झालं, टॅपेट लावले, पाणी भरलं, रेडिएटरमधली हवा काढली. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटांना मग आणखी एक फेरी लागते: इंजिन गरम करून किंवा गाडी पाचशे किलोमीटर चालवून आणून, कंपनी सांगेल तसं गरम असताना किंवा थंड झाल्यावर, पुन्हा एकेक नट तपासायचा. गॅस्केट दबलेलं असतं, पकड सुटलेली असते. त्यानंतर टॅपेट पुन्हा बघावे लागतात, कारण हेड खाली बसलं की फट बदलते. नव्या पोलादी पापुद्र्यांच्या गॅस्केटांना ही दुसरी फेरी लागत नाही, उलट काही कंपन्या ती मना करतात. पुन्हा तेच, गाडीचं पुस्तक.

दुसरी फेरी राहून जाते ती गाडी परत येत नाही म्हणून. मालकाचा फोन ठरलेला असतो: "वस्ताद, आज रात्री गाडी सोडा, पाळी गेली तर मुकादम दुसरी गाडी लावील." पाळी म्हणजे कारखान्यावरचा नंबर. हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो आणि पाणी, ऊस बघून मार्च-एप्रिलला आटोपतो. त्या चार-पाच महिन्यांत वर्षाचा हप्ता काढायचा असतो. मिस्त्रीलाही दुसरी गाडी वाट बघत असते. म्हणून मी एकट्या मिस्त्रीला बोल लावत नाही. थंड व्हायला वेळ नाही, फेसिंगला वेळ नाही, पाचशे किलोमीटरनंतर परत आणायला वेळ नाही, आणि मग गॅस्केट दुसऱ्यांदा उडालं की तीन दिवस आहेत, हे गणित मालकाचं आहे. आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात टॉर्क पाना शिकवतात. तिथून निघालेला मुलगा गॅरेजात आला की त्याला पहिल्या आठवड्यात पाइप हातात दिला जातो, कारण गॅरेजात वेळेचे पैसे कोणी देत नाही.

यातली पाण्याची बाजूही मालकाचीच. प्रवरेच्या कालव्याखालच्या जमिनी अनेक ठिकाणी खारवट झाल्या आहेत, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तेच क्षार बोअरच्या पाण्यातून रेडिएटरमध्ये जातात. कूलंट आणि स्वच्छ पाणी वापरलं, हंगामाआधी रेडिएटर धुऊन घेतला, जाळीवरचं पाचट रोज काढलं, तर हेडला हात लावायची पाळीच कमी येते. कसलेलं हेड कितीही चांगलं असो, दोन तास लाल काट्यावर चालवलेल्या इंजिनाला ते वाचवू शकत नाही.

तेव्हा ट्रकमालकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी हेडचं काम निघालं की गाडीच्या मॅन्युअलमधलं हेड बोल्टचं पान, क्रमाच्या चित्रासकट, झेरॉक्स काढून मिस्त्रीच्या हातात द्या. आटे तेल लावलेले की कोरडे, ती ओळ पेनाने अधोरेखित करा. बिलावर टॉर्कचा आकडा आणि तारीख लिहून घ्या. दुसरी फेरी लागणारं गॅस्केट असेल तर त्याची मजुरी त्याच दिवशी आगाऊ देऊन टाका, म्हणजे गाडी परत न्यायची आठवण राहील.